बालवाङ्मयांतील भय आणि हास्य



मुलांच्या पुस्तकांत मृत्यु असावा काय, आणि असल्यास त्याला हंसावें काय, हा प्रश्न शिक्षक व आईबाप वारंवार विचारतात. पुष्कळांची समजूत अशी कीं, जुनीं पुस्तकें सात्त्विक होतीं आणि हा क्रूर विनोद अलीकडचा आहे. इतिहास पाहतां गोष्ट उलट दिसते. मृत्यु बालवाङ्मयांत फार पूर्वींपासून होता. हास्य मात्र मागाहून आलें. तें कसें आलें, आणि त्याचा रोख कोणाकडून कोणाकडे वळला, हें आज थोडक्यांत सांगावयाचें आहे.

इ. स. १६७१ च्या सुमारास जेम्स जेनवे या इंग्रज धर्मोपदेशकानें मुलांसाठीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत भाविक मुलांच्या मरणाच्या कथा आहेत. त्या काळीं घरोघरीं मुलें दगावत. मरणाचा विषय त्यांच्यापासून लपविणें शक्यच नव्हतें. पण तेथें हंसण्यास जागा नव्हती. मुलानें मरणाचें स्मरण ठेवावें आणि वेळींच देवाकडे वळावें, एवढाच हेतु होता.

यानंतर पावणेदोनशें वर्षांनीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं निराळाच प्रकार घडला. तेथें हाइन्रिख हॉफमन (१८०९–१८९४) नांवाचे एक डॉक्टर होते. १८४४ च्या नाताळांत आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठीं चित्रांचें पुस्तक आणावयास ते बाजारांत गेले. पाहतात तों सारीं पुस्तकें उपदेशानें भरलेलीं! अखेर एक कोरी वही घेऊन ते घरीं परतले, आणि त्यांनीं स्वतःच पद्यें रचून चित्रें काढलीं. १८४५ सालीं ती वही टोपणनांवानें छापली गेली. पुढें तिला ‘श्ट्रुवेलपेटर’, म्हणजे ‘झिपऱ्या पीटर’, हें नांव मिळालें.

या पुस्तकांत काय घडतें? आई बाहेर गेली असतां अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे दोन्ही अंगठे एक शिंपी भल्या मोठ्या कातरीनें छाटून टाकतो. जेवणांतलें सार नको म्हणणारा गुबगुबीत कास्पार सुतासारखा बारीक होऊन पांचव्या दिवशीं मरतो, आणि त्याच्या थडग्यावर साराचें भांडें दिसतें. पुढील आवृत्तींत आलेली पाउलिना आगकाड्यांशीं खेळतां खेळतां जळून जाते, आणि तिच्या दोन मांजरी एवढ्या रडतात कीं आसवांचा ओढा वाहूं लागतो. घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडांत १८२७ सालीं विक्रीस आल्या होत्या. म्हणजे घरांत ती वस्तु अजून नवीच होती आणि पाउलिनेचा धोका खरा होता. मांजरींच्या आसवांचा ओढा मात्र खरा नव्हता, आणि तो खरा नाहीं हें लहान मुलालाही कळतें.

येथेंच या विनोदाचें मर्म आहे. शिक्षा अपराधाच्या मानानें इतकी मोठी आणि चित्र इतकें विचित्र, कीं हें असें होणार नाहीं हें मूल मनांतून ओळखतें. भीति वाटते, पण पुस्तक मिटणें आपल्या हातीं असतें. हॉफमन यांना ही युक्ति आपल्या व्यवसायांत सांपडली होती. त्यांनींच पुढें लिहून ठेवलें आहे कीं, मूल ऐकेनासें झालें म्हणजे आईबाप त्याला डॉक्टरचा धाक घालीत : तो कडू औषध पाजील, जळवा लावील! आपल्याकडील बागुलबुवाचाच हा भाऊ. त्यामुळें डॉक्टर दिसतांच आजारी मूल किंचाळूं लागे. तेव्हां हॉफमन खिशांतून वही काढीत व एक मुलगा रेखाटीत. त्याचीं नखें वाढत, केंस वाढत, आणि शेवटीं नखें व केंस यांखेरीज कांहींच दिसेनासें होई. मूल थक्क होऊन पाही, आणि तेवढ्यांत डॉक्टर नाडी पाहून घेत. ज्याच्या नांवानें मुलाला भिववीत, त्यानेंच त्या भयाचें खेळणें करून मुलाच्या हातीं दिलें.

तरीही हॉफमन यांच्या पुस्तकांत फजिती होते ती बहुधा मुलांचीच. अपवाद एका शिकाऱ्याचा; ससा त्याची बंदूक पळवून त्याच्याच मागें लागतो. पुढील लेखकांनीं हाच अपवाद वाढविला. १८६५ सालीं विल्हेल्म बुश यांचें ‘मॅक्स आणि मॉरित्झ’ प्रसिद्ध झालें. हीं दोन पोरें सात खोड्या करतात. एकींत शिक्षकाच्या तंबाखूच्या नळींत बंदुकीची दारू ठासतात. अखेर तीं गिरणींत दळलीं जातात आणि बदकें तें दळण खाऊन टाकतात. गांवांत कोणी हळहळत नाहीं; विधवा, शिंपी, शिक्षक, जो तो सुटल्याचा श्वास टाकतो. वाचकाला हंसूं येतें तें पोरांच्या मरणाचें नव्हे, तर या सज्जनांच्या समाधानाचें.

१९०७ सालीं इंग्लंडांत हिलेअर बेलॉक यांनीं मुलांना सावध करणाऱ्या कथांचें पद्य पुस्तक काढलें. त्यांतील माटिल्डा खोटी थाप मारून आगीचे बंब बोलावते. पुढें घर खरेंच पेटतें तेव्हां तिची हांक कोणी खरी मानीत नाहीं. ‘लांडगा आला रे आला’ हीच ती जुनी गोष्ट. पण सांगण्याचा स्वर इतका गंभीर, कीं उपदेशाचीच टर उडते. १९८८ सालीं रोआल्ड डाल यांनींही ‘माटिल्डा’ नांवाची कादंबरी लिहिली. नांव तेंच, पण येथें मुलगी शहाणी आहे. लबाड आहे तो तिचा बाप, आणि क्रूर आहे ती मुख्याध्यापिका. १९९९ ते २००६ या काळांत ‘लेमनी स्निकेट’ या टोपणनांवानें तेरा भाग निघाले. त्यांत तीन अनाथ भावंडांच्या संपत्तीवर टपलेला एक पालक आहे, आणि निवेदक वाचकाला पुस्तक ठेवून देण्याचा सल्ला देतो. अर्थात् मूल तें ठेवीत नाहीं!

यावर आक्षेप येतो कीं, कांहीं मुलें खरोखरच भितात. आक्षेप खोटा नाहीं. कोनराडच्या शिंप्याची धास्ती मोठेपणींही आठवणारे लोक आहेत. म्हणून असें पुस्तक कोणत्याही मुलावर लादूं नये. पण मीं वर्गांत इतकीं वर्षें काढलीं, त्यावरून एक सांगतों. छडी दाखवून शांतता मिळते. परंतु त्या शांततेंत मूल प्रश्न विचारीत नाहीं. हंसणारें मूल विचारतें : तो शिंपी घरांत शिरला कसा? आई एकट्याला टाकून गेली कशी? हे प्रश्न वडील माणसांना अडचणीचे आहेत, आणि म्हणूनच मोलाचे आहेत.

आपल्या आजीबाईंना हें निराळें सांगावें लागलें नाहीं. शेणाचें घर वाहून गेलेला कावळा पावसांत दार ठोठावीत राहतो, चिमणी सबबी सांगत राहते, आणि पोरें खदखदून हंसतात. त्या हंसण्यांत कावळ्याची कींव आणि चिमणीचा संशय दोन्ही असतात. तेव्हां पुस्तक निवडतांना त्यांत मरण आहे कीं नाहीं हें पाहण्यापेक्षां, त्यांतलें हंसूं कोणावर उलटतें तें पाहावें. मुलाला गप्प बसविण्यासाठीं हंसविलें असेल तर तें पुस्तक बाजूस ठेवावें. मुलाला बोलकें करीत असेल तर खुशाल द्यावें, आणि जमल्यास शेजारीं बसून आपणही वाचावें.