तेल महागलं, सरपण आठवलं

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं पिंप जानेवारीत साडेअकरा डॉलरच्या पुढे गेलं. व्हरमाँट, मेनसारख्या थंड राज्यांत बहुतेक घरं तेलावरच उबदार राहायची. लोकांनी अडगळीतल्या लोखंडी शेगड्या बाहेर काढल्या.

लाकूड कापण्याचा प्रश्न आधीच सुटला होता. ओरेगनच्या जोसेफ कॉक्सने लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे निरखून चेनसॉची नवी साखळी बेतली आणि 1947 मध्ये बाजारात आणली. फोडणं मात्र कुऱ्हाडीवरच अडलेलं. सरपण मोजायचं ते कॉर्डमध्ये. एक कॉर्ड म्हणजे आठ फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच रास. हिवाळ्याला अशा कितीतरी राशी लागत.

मग घरोघरच्या गॅरेजांत लाकूड फोडायचं यंत्र बनवायच्या खटपटी सुरू झाल्या. भंगारातला गर्डर, जुना हायड्रॉलिक सिलिंडर, छोटं पेट्रोल इंजिन आणि पोलादी पाचर. खरी करामत दोन टप्प्यांच्या पंपाची: दट्ट्या मोकळा सरकतो तोवर तेल भरपूर, दाब कमी, लाकूड अडलं की तेल थोडं, दाब प्रचंड.

काहींनी तर गाडीचं मागचं चाक काढून तिथे आट्यांचा शंकू बसवला! ओंडका रेटला की चिरत जाई. बाही अडकली तर मात्र इंजिन कुणाची वाट बघत नसे.

करवत, पाचर आणि सरकपट्टा एकाच सांगाड्यावर असलेली तयार यंत्रं आज फिनलंडचे कारखाने बनवतात. किंमत ऐकून हौशी कारागीर पुन्हा भंगारवाल्याकडे वळतात.