उच्च रक्तदाब: कसा ओळखावा, कुठे आणि कसा तपासावा
मरोदा व भिलाई परिसरातील मराठी भाषक लाभार्थ्यांसाठी माहिती

मरोदा सेक्टर, स्टेशन मरोदा आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये अनेक मराठी कुटुंबे राहतात. यातील बरीच कुटुंबे भिलाई इस्पात संयंत्रातील कामाच्या निमित्ताने विदर्भातून येऊन येथे स्थायिक झाली. घरात मराठी बोलली जाते, पण दवाखान्यातील फलक, पर्ची आणि सूचना हिंदीत असतात. रक्तदाबाची तपासणी कोठे होते, आकड्यांचा अर्थ काय आणि कोणत्या योजनेत काय मिळते, हे मराठीतून समजावे यासाठी ही माहिती दिली आहे.

उच्च रक्तदाब म्हणजे काय?

हृदय आकुंचन पावते तेव्हा रक्त वाहिन्यांत ढकलले जाते. त्या वेळी वाहिन्यांच्या भिंतींवर पडणारा दाब म्हणजे वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते, तेव्हा उरलेला दाब म्हणजे खालचा आकडा. पर्चीवर हे दोन आकडे १३०/८० असे लिहिले जातात. हा दाब सतत १४०/९० किंवा त्याहून जास्त राहिला, तर त्याला उच्च रक्तदाब म्हणतात. बोलीभाषेत आपण ‘बीपी आहे’ असे म्हणतो.

दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहिला, तर हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळे यांच्या रक्तवाहिन्या खराब होतात. पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंड निकामी होणे यांमागे हे एक मोठे कारण असते.

लक्षणांची वाट का पाहू नये?

बहुतेक लोकांना उच्च रक्तदाबाचा कोणताही त्रास जाणवत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, कामात अडचण येत नाही. त्यामुळे ‘मला काही होत नाही, म्हणजे माझे बीपी बरोबर आहे’ हा समज चुकीचा आहे. उलट, डोके दुखले म्हणजे बीपी वाढलेच असेही नाही. रक्तदाब फक्त मोजूनच कळतो.

२०१९-२१ मध्ये झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के महिलांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा ते त्यासाठी औषध घेत होते. म्हणजे साधारण चार-पाच माणसांमागे एक.

तपासणी कोणी करून घ्यावी?

राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. आता त्याअंतर्गत ३० वर्षे आणि त्यावरील प्रत्येक स्त्री-पुरुषाची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी मोफत केली जाते. तोंडाचा कर्करोग, तसेच महिलांमध्ये स्तनाचा व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचीही तपासणी याच कार्यक्रमात होते.

खालील व्यक्तींनी वयाची ३० वर्षे होण्याची वाट पाहू नये:

- आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांना बीपी, पक्षाघात किंवा हृदयविकार असलेले
- मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले
- वजन किंवा पोटाचा घेर वाढलेले
- बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, गुडाखू किंवा दारूचे सेवन करणारे
- गरोदर महिला (प्रत्येक तपासणीच्या वेळी)

मोफत तपासणी कोठे होते?

१. मितानिन: इतर राज्यांत आशाताई जे काम करतात, ते छत्तीसगडमध्ये मितानिन करतात. हा कार्यक्रम २००२ मध्ये सुरू झाला. आपल्या वस्तीतील मितानिन दीदी एक प्रश्नावली भरून घेतात. त्यात वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, शारीरिक हालचाल आणि कुटुंबातील आजार यांचे गुण असतात. गुण ४ पेक्षा जास्त आले, तर त्या व्यक्तीला तपासणीसाठी आधी बोलावले जाते. गुण कमी आले तरी ३० वर्षांवरील प्रत्येकाने तपासणीला जायचेच आहे.

२. आयुष्मान आरोग्य मंदिर: पूर्वी यांना आरोग्य व कल्याण केंद्र म्हणत. देशातील असे पहिले केंद्र १४ एप्रिल २०१८ रोजी छत्तीसगडमध्येच, बीजापूर जिल्ह्यातील जांगला येथे सुरू झाले. येथे रक्तदाब मोजणे, सल्ला आणि नियमित औषध मोफत मिळते. आपल्या घराला कोणते केंद्र जवळ आहे, हे मितानिन सांगू शकतात.

३. शासकीय रुग्णालये: सुपेला येथील लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय आणि दुर्ग येथील जिल्हा रुग्णालय. रक्तदाब औषधाने आटोक्यात येत नसेल किंवा पुढील तपासण्या हव्या असतील, तर येथे पाठवले जाते.

४. संयंत्राचे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय: यांच्यासाठी संयंत्राची स्वतःची आरोग्य सेवा आहे. सेक्टर ९ येथील जवाहरलाल नेहरू रुग्णालय हे तिचे मुख्य रुग्णालय आहे.

५. ठेकेदारामार्फत काम करणारे कामगार: ज्यांच्या पगारातून ईएसआयचा वाटा कापला जातो, त्यांना व त्यांच्या आश्रितांना ईएसआय दवाखान्यात उपचार व औषधे मिळतात. पगाराच्या पावतीवर कपात आणि विमा क्रमांक पाहून घ्यावा.

फक्त रक्तदाब मोजून घेण्यासाठी रेशनकार्ड किंवा आयुष्मान कार्ड लागत नाही. नाव नोंदवताना आधार कार्ड आणि मोबाइल क्रमांक सोबत असल्यास सोयीचे जाते. १४ अंकी आभा क्रमांक काढल्यास जुने अहवाल सापडणे सोपे होते, पण तो काढणे ऐच्छिक आहे.

मोजताना कोणती काळजी घ्यावी?

चुकीच्या पद्धतीने मोजल्यास आकडा चुकतो. निरोगी माणसाला औषध सुरू होऊ शकते किंवा आजारी माणूस तपासणीतून निसटू शकतो. म्हणून पुढील गोष्टी पाहा:

- मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, बिडी, तंबाखू किंवा गुडाखू घेऊ नये. सायकल चालवून किंवा जिना चढून आल्यावर लगेच मोजू नये.
- लघवी लागली असेल तर आधी जाऊन यावे.
- पाच मिनिटे शांत बसावे. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय टाकलेला नसावा.
- पट्टा उघड्या दंडावर बांधावा. स्वेटर किंवा जाड बाहीवरून बांधू नये. हात टेबलावर, हृदयाच्या उंचीवर ठेवावा.
- पट्टा दंडाच्या मापाचा असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला, तर आकडा जास्त येतो.
- मोजताना बोलू नये.
- एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या भेटीत दोन्ही हातांवर मोजणे चांगले.

गर्दी असली तरी ‘पाच मिनिटे बसून मग मोजता का?’ असे विचारण्यास संकोच करू नये. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून घ्यावेत. ‘नॉर्मल आहे’ किंवा ‘थोडे जास्त आहे’ एवढ्यावर थांबू नये.

घरी यंत्र घ्यायचे असल्यास मनगटाऐवजी दंडावर बांधायचे घ्यावे. घरी मोजलेला दाब सहसा थोडा कमी येतो. म्हणून घरी सतत १३५/८५ किंवा जास्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

आकड्यांचा अर्थ

- १२०/८० पेक्षा कमी: सामान्य. वर्षातून एकदा मोजावे.
- वरचा १२० ते १३९ किंवा खालचा ८० ते ८९: काठावर. मीठ, वजन, तंबाखू यांकडे लक्ष द्यावे आणि तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे.
- वरचा १४० किंवा जास्त, अथवा खालचा ९० किंवा जास्त: दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे व डॉक्टरांना भेटावे. दोन्हींपैकी एकच आकडा जास्त असला तरी तो धरला जातो.
- १८०/११० किंवा जास्त: काही त्रास नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

लगेच १०८ क्रमांकावर फोन केव्हा करावा?

तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत दाब किंवा कळ, दम लागणे, अचानक दिसेनासे होणे, शुद्ध हरपणे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. म्हणून ‘सकाळी पाहू’ म्हणून थांबू नये आणि त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवावी.

निदान झाल्यावर

डॉक्टर बहुधा अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन किंवा क्लोरथॅलिडोन यांपैकी औषध सुरू करतात. ही औषधे जुनी, पारखलेली आणि स्वस्त आहेत. आरोग्य केंद्रात ती मोफत मिळतात. संपली असल्यास जनऔषधी केंद्रात कमी किमतीत घेता येतात. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा असतो. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये.

गोळी सुरू झाल्यावर दाब १३०/८० आला, म्हणजे आजार गेला असे नाही. गोळी काम करते आहे. ती बंद केली की दाब पुन्हा चढतो. पायाला सूज, खोकला किंवा चक्कर असा त्रास झाला, तर गोळी सोडण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे, औषध बदलता येते.

अंगदुखी किंवा गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या अनेक जण दुकानातून घेतात. या गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो. बीपी असलेल्यांनी त्या विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

गरोदर महिलांनी विशेष काळजी घ्यावी. टेल्मिसार्टन गरोदरपणात देत नाहीत. त्यामुळे ते चालू असताना दिवस राहिले किंवा राहावेत असे वाटत असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगावे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी होते. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज असल्यास ९ तारखेची वाट पाहू नये.

शिफ्ट, गेट पास आणि बीपी

प्लांटमध्ये किंवा ठेक्यावर काम करणाऱ्यांना एक भीती असते: तपासणीत बीपी निघाले तर काम जाईल. त्यामुळे काही जण मोजतच नाहीत किंवा वैद्यकीय तपासणीच्या दोन दिवस आधीच गोळी घेतात आणि नंतर सोडतात. यात धोका दोन प्रकारे आहे. आजार आत वाढत राहतो. आणि उंचीवर किंवा भट्टीजवळ काम करताना अचानक त्रास झाला, तर स्वतःसोबत शेजारच्या कामगाराचाही जीव धोक्यात येतो. नियमित औषधाने बहुतेकांचा दाब आटोक्यात राहतो आणि ते आपले रोजचे काम करू शकतात. तपासणीला जाताना महिन्याभराच्या आकड्यांची वही सोबत न्यावी.

शिफ्ट बदलत असल्यास गोळीची वेळ घड्याळाऐवजी एखाद्या ठरलेल्या सवयीशी जोडावी, जसे उठल्यावर तोंड धुतल्यानंतर. गरमीत काम करणाऱ्यांना मीठ-पाणी घेण्यास सांगितले जाते. बीपी असल्यास किती घ्यावे, हे डॉक्टरांना विचारावे.

मीठ आणि तंबाखू

जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा कमी मीठ खावे. भाजीतले मीठ तेवढेच दिसते. पण लोणचे, पापड, खारवलेल्या मिरच्या, शेव-चिवडा, ठेचा आणि बासीवर भुरभुरलेले मीठ यांतून बरेच पोटात जाते. सुरुवात ताटातले वरचे मीठ बंद करण्यापासून करावी. सैंधव मीठही मीठच आहे. गुडाखूने दात घासणे म्हणजे तंबाखूच घेणे आहे.

शेजारचे उदाहरण

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पहिल्या टप्प्यात २५ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात महाराष्ट्रातील भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे होते. पद्धत साधी होती: सर्वांसाठी ठरलेली औषधे, घराजवळच्या केंद्रात महिन्याची गोळी, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो आला नाही त्याचा पाठपुरावा. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. नातेवाईक भंडाऱ्याला किंवा वर्ध्याला असतील, तर त्यांनाही तेथील केंद्रात जाण्यास सांगावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आयुष्मान कार्डावर बीपीची गोळी मिळते का?*
नाही. हे कार्ड रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. रोजची गोळी आरोग्य केंद्रातून मोफत मिळते, त्यासाठी कार्डाची गरज नाही. पक्षाघात किंवा हृदयविकारामुळे भरती व्हावे लागले, तर कार्ड उपयोगी पडते.

*घरात ७० वर्षांवरील आजी-आजोबा आहेत. त्यांच्यासाठी वेगळे काही आहे का?*
होय. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड दिले जाते. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आधारवरील वय पाहिले जाते.

*लग्नासाठी किंवा सणासाठी गावी महिनाभर जायचे आहे. गोळीचे काय?*
जाण्याआधी केंद्रात सांगून पुरेल एवढी गोळी घ्यावी. पर्ची आणि वही सोबत ठेवावी. गावच्या शासकीय केंद्रात ती दाखवून गोळी मागता येते.

*दवाखान्यात जाण्याआधी फोनवर सल्ला मिळेल का?*
१०४ या आरोग्य मदत क्रमांकावर सल्ला मिळतो. तातडीच्या वेळी मात्र थेट १०८ लावावा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.