पोपटाचा डोळा आणि अठरा हजेऱ्या

आर्नहेमला राहायला आलो त्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. शेजारच्या आजोबांनी केर्मिसला यायचं आमंत्रण दिलं. केर्मिस म्हणजे इथली गावजत्रा. या आजोबांना आमच्या घरात सगळे 'ब्यूरमन'च म्हणतात. डचमध्ये त्याचा अर्थ नुसता 'शेजारी', पण मुलांच्या तोंडी ते नावच झालं आहे. आई तेव्हा कोल्हापूरहून आली होती. तिलाही घेऊन गेलो.

आर्नहेमच्या पूर्वेला, आयसेल नदीपलीकडे लिमर्स नावाचा सखल मुलूख आहे. तिथल्या एका गावाच्या मैदानात उंच खांब उभा होता. खांबाच्या टोकाला रंगवलेला लाकडी पक्षी. खाली एका स्टँडवर बंदूक बसवलेली, आणि गणवेषातली मंडळी एकामागून एक येऊन नेम धरत होती. बाजूला बँड, झेंडे आणि बिअरचे पेले. आईनं विचारलं, "हा कुठला रे पक्षी?" मी ब्यूरमनना विचारलं. ते म्हणाले, "पापेखाय." म्हणजे पोपट!

मी भाषांतर करून सांगताच आईचा चेहरा उजळला. "अरे, म्हणजे ही तर द्रोणाचार्यांची परीक्षाच! पण मग हे लोक डोळा सोडून पंख का पाडताहेत?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर असं, की इथे नियमच तसा आहे. आधी डोकं, मग उजवा पंख, डावा पंख, शेपूट, प्रत्येकाला वेगळं बक्षीस. शेवटी उरतं ते धड. त्याचा अखेरचा तुकडा जो खाली पाडतो, तो त्या वर्षाचा राजा. त्याच्या गळ्यात चांदीची साखळी पडते. तिला आधीच्या राजांनी दिलेले चांदीचे पत्रे लटकत असतात आणि नव्या राजानं आपला एक त्यात घालायचा असतो. राजा होणं स्वस्त नाही. सगळ्यांना बिअर पाजायची ती वेगळीच! आई म्हणाली, "आपल्याकडे हंडी फोडणाऱ्याला बक्षीस देतात, इथे फोडणाऱ्याकडूनच वसूल करतात."

या मंडळांना डचमध्ये 'स्खुटेराय' म्हणतात. हे नाव आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे. भारतातून पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' दाखवायला नेतो. 1642 सालचं ते चित्र म्हणजे कॅप्टन फ्रान्स बानिंग कॉक यांच्या स्खुटेरायचा, म्हणजे शहराच्या नागरी रक्षकदलाचा 'ग्रुप फोटो'. त्यातल्या उजळ पिवळ्या झग्यातल्या मुलीच्या कमरेला एक कोंबडी उलटी टांगलेली आहे, ती नीट बघा. तिचे पंजे म्हणजे त्या बंदूकधारी पथकाचं चिन्ह. मागच्या कमानीवर एक ढाल रंगवली आहे, तिच्यावर अठरा नावं आहेत. चित्रात दिसण्यासाठी प्रत्येकानं सरासरी शंभर गिल्डर मोजले होते, जागेप्रमाणे कमीजास्त. म्हणजे आपल्या स्मरणिकेतल्या देणगीदारांच्या यादीची परंपरा फार जुनी म्हणायची!

मध्ययुगात इथल्या शहरांना स्वतःचं सैन्य नसे. वेशीवर पहारा द्यायचा, आग लागली की धावायचं, दंगा झाला की उभं राहायचं, हे काम नागरिकांचंच. कुणाच्या हाती धनुष्य, कुणाच्या हाती पुढे बंदूक. सरावाच्या मैदानाला 'दूलेन' म्हणत. 'दूल' म्हणजे लक्ष्य. रॉटरडॅमच्या प्रसिद्ध संगीतसभागृहाचं 'दे दूलेन' हे नाव तिथूनच आलं. वर्षातून एकदा सगळ्यांचा नेम तपासायचा, म्हणून खांबावरचा पोपट.

आमच्या आर्नहेमच्या दक्षिणेला लागूनच हाउसेन नावाचं गाव आहे. आज तिथे जाणारी बस पकडली की सीमा वगैरे काही जाणवत नाही. पण हे गाव 1816 पर्यंत नेदरलँड्समध्ये नव्हतंच. ते शेजारच्या क्लेव्हच्या राज्याचं ठाणं होतं, चारी बाजूंनी गेल्डर्सच्या मुलखानं वेढलेलं. 1502 मध्ये गेल्डर्सच्या ड्यूक कार्लनं त्याला वेढा घातला. गावानं तग धरला आणि क्लेव्हचं सैन्य मदतीला येऊन वेढा उठला. त्या सुटकेची आठवण म्हणून आजही दरवर्षी मिरवणूक निघते आणि गावची गिल्डं आपापले झेंडे घेऊन तीत चालतात. मी कोल्हापूरचा, त्यामुळे हे बघताना मला दसरा चौकातला शाही दसरा आठवतो. लढाई संपून शतकं लोटली. शस्त्रं आता पूजेपुरती आणि मिरवणुकीपुरती. पण त्या निमित्तानं गाव एकत्र येतं आणि आपट्याचं पान हातात पडतं.

1901 च्या कायद्यानं सरकारनं शहरी स्खुटेरायची सक्ती काढून टाकायला घेतली आणि 1907 पर्यंत ती पथकं इतिहासजमा झाली. पण ब्राबांट, लिम्बुर्ग आणि आपल्या गेल्डरलँडच्या गावांत गिल्डं टिकली, कारण ती कुणी कायद्यानं सुरू केलेलीच नव्हती. मग 1940 मध्ये जर्मन आले. लोकांच्या बंदुका जमा झाल्या. सप्टेंबर 1944 मध्ये आर्नहेमच्या पुलाची लढाई झाली आणि तिच्यानंतर अख्खं शहर रिकामं करायला लावलं गेलं. 2 ऑक्टोबर 1944 ला हाउसेनवर बॉम्ब पडले, शंभरावर माणसं गेली. ज्या गावांनी हे सोसलं, त्यांनी युद्ध संपल्यावर पुन्हा खांब उभा करून त्यावर पोपट बसवला. मला याचं फार नवल वाटे. बंदुकीच्या आवाजाचा वीट कसा आला नसेल या लोकांना?

उत्तर मिळायला मला एक वर्ष लागलं.

ब्यूरमन दोन ठिकाणचे सभासद. एक गावची स्खुटेराय, दुसरा ट्रॅपशूटिंगचा क्लब. ट्रॅप म्हणजे उडत्या लक्ष्यावरचा नेम. याची मुळंही जुनीच आहेत. होमरच्या इलियडमध्ये तेविसाव्या सर्गात डोलकाठीला कबूतर बांधून नेमबाजीची स्पर्धा होते. एकाचा बाण दोरी तोडतो, पाखरू उडतं आणि दुसरा त्याला हवेतच टिपतो. पुढे युरोपात पेटीतून जिवंत कबुतरं सोडून ती मारायचा शौक निघाला. त्या पेटीचं नाव ट्रॅप. दोरी ओढली की पेटी उघडे. 1900 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळीसुद्धा अशी जिवंत कबुतरं मारली गेली. सुदैवानं त्याआधीच, 1880 च्या सुमारास, अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीची तबकडी काढली होती. डच लोक तिला आजही 'मातीचं कबूतर' म्हणतात, जरी ती आता डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची असते. व्यास 11 सेंटीमीटर, वजन साधारण 105 ग्रॅम.

ऑलिम्पिक पद्धतीत नेमबाज पाच जागांवरून पाळीपाळीनं उभे राहतात. समोर पंधरा मीटरवरच्या खड्ड्यात पंधरा यंत्रं. आवाज दिला की तबकडी सुटते, पण डावीकडे, उजवीकडे की सरळ, हे आधी कळत नाही. एका फेरीत पंचवीस तबकड्या आणि प्रत्येकीला दोन गोळ्या. अर्जुनाला निदान उभं राहून विचार करायला वेळ होता. इथे सेकंदभरात सगळं आटोपतं. आपल्या बिकानेरच्या महाराजा कर्णीसिंहांनी 1962 मध्ये याच प्रकारात जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं होतं. डच लोकांचे एरिक स्विंकेल्स 1976 मध्ये माँट्रियलला स्कीट या भावंड-प्रकारात रौप्य घेऊन आले.

पाहुणा म्हणून दोन-तीनदा गेलो आणि मला चटक लागली. सभासद व्हायचं ठरवलं. आधी सरकारकडून चारित्र्याचा दाखला आणावा लागला. मग ब्यूरमननी नियम समजावले. स्वतःच्या बंदुकीचा परवाना हवा असेल तर किमान एक वर्ष सभासद राहायचं आणि त्या वर्षात किमान अठरा वेळा येऊन नेमबाजी करायची. प्रत्येक वेळी वहीत नोंद. परवाना मिळाला तरी दरवर्षी पोलिसांकडून नवा करून घ्यायचा. घरी लोखंडी कपाट हवं, काडतुसं वेगळी कुलुपात, आणि पोलीस तपासायला येऊ शकतात. मी हसत म्हटलं, "कॉलेजातही एवढी हजेरी लागत नव्हती." ते हसले नाहीत.

का हसले नाहीत ते नंतर कळलं. 9 एप्रिल 2011 रोजी आल्फेन आन देन राइन इथल्या एका खरेदी संकुलात एका तरुणानं सहा जणांना गोळ्या घालून मारलं आणि मग स्वतःला. त्याच्याकडच्या बंदुका परवान्याच्या होत्या आणि तो एका नेमबाजी क्लबचा सभासद होता. मानसिक आजाराचा इतिहास असताना त्याला परवाना मिळाला होता. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याबद्दल पोलिसांना जबाबदार धरलं. त्याच वर्षापासून नव्या अर्जदाराला मानसिक चाचणीही द्यावी लागते. ब्यूरमन एवढंच म्हणाले, "संगणकावरच्या चाचणीपेक्षा अठरा रविवार जास्त सांगतात. माणूस हरल्यावर कसा वागतो ते आम्ही बघतो."

मग माझं वर्ष सुरू झालं. जानेवारीत सर्वसाधारण सभा. हिशेब, यंत्राची दुरुस्ती, शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास नको म्हणून पाळायच्या वेळा, आणि दीड तास चर्चा कशावर, तर कॉफी दहा सेंटनी महाग करावी का! अगदी आपल्या मंडळाची सभा. फेब्रुवारीत खड्ड्यातलं पाणी उपसणं. मार्चमध्ये कुंपणाचं काम. रिकामी काडतुसं वेचणं तर बारा महिने. गोळ्या शिशाच्या नाहीत, पोलादी छऱ्यांच्या. शिसं इथे शिकारीत 1993 पासूनच बंद आहे, आणि पुढे या मैदानांवरूनही ते गेलं. मे ते सप्टेंबर केर्मिसचा मोसम. तेव्हा अर्धे सभासद आपापल्या गावच्या स्खुटेरायमध्ये गुंतलेले. सप्टेंबरात पुलाच्या लढाईचा स्मृतिदिन. 3 नोव्हेंबरला शिकाऱ्यांचे संत ह्युबर्टस यांचा दिवस, त्या सुमाराला वाटाण्याचं दाट सूप आणि वर्षाचा निरोप.

आणि माझ्या हजेऱ्या? अकरा! कधी क्लायंटकडे फ्रँकफर्टला, कधी भारतात, कधी मुलीची परीक्षा. डिसेंबरात वही बघून मी ओशाळलो. ब्यूरमन म्हणाले, "परवान्याचं राहू दे. पण फेब्रुवारीत पाणी उपसताना तू नव्हतास, हे सगळ्यांच्या लक्षात आलं." बोलणं तसं कठोर, पण मला ते ऐकून बरं वाटलं. दहा-बारा वर्षं परदेशात काढल्यावर 'तू नव्हतास हे लक्षात आलं' असं ऑफिसबाहेरच्या कुणी म्हणण्याची ती पहिलीच वेळ होती.

तेव्हा मला युद्धानंतरच्या त्या खांबाचं उत्तर सापडल्यासारखं वाटलं. या गावांना बंदुकीचा आवाज हवा नव्हता. कोण उरलं आहे आणि कोण आलं नाही, हे बघायला एक जागा हवी होती. पाचशे वर्षांपूर्वी वेशीवरच्या पहाऱ्यातही हेच असणार. शेजारी कोण, तो रात्री उभा राहील का, शस्त्र त्याच्या हाती द्यावं का, हे गाव वर्षभर बघून ठरवत असे. आज तेच काम हजेरीची वही करते. आणि जेव्हा कुणी नीट बघत नाही तेव्हा काय होतं, ते आल्फेननं दाखवलं. 2020 आणि 2021 मध्ये कोविडमुळे केर्मिस बंद राहिल्या तेव्हा अनेक गावांत 2019 चा राजाच तीन वर्षं राजा राहिला. ब्यूरमनच्या गावचा राजा सांगत होता, की रिकाम्या मैदानात चांदीची साखळी फार जड वाटायची.

दुसऱ्या वर्षी माझ्या एकोणीस हजेऱ्या भरल्या. परवान्याचा अर्ज मात्र मी केला नाही. घरात बंदूक नको हे आमच्या सौ.चं मत, आणि माझंही. क्लबची बंदूक मला पुरते. पण फेब्रुवारीत पाणी उपसायला मी जातो, आणि केर्मिसच्या दिवशी ब्यूरमनच्या गावात बटाटे तळायच्या कढईवर उभा असतो.

1 ऑगस्ट 2024 ला आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला रायफल नेमबाजीत ऑलिम्पिक कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे वैयक्तिक पदक. त्या रविवारी क्लबमध्ये मी पेढे वाटले. ब्यूरमननी पेढा तोंडात टाकला, वही उघडली आणि माझ्या नावापुढे खूण केली.

संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे हजेरी लागली म्हणायची! आणि काय रे, त्या पोपटाचा डोळा अजून कुणी पाडला की नाही?"

मंडळी, पुढच्या उन्हाळ्यात सवड काढा. आर्नहेमच्या आसपास कुठे ना कुठे तो खांब उभा असतोच. कढईमागे मी दिसलो तर हाक मारा.