मुळशी ते दरेवाडी

पुणे जिल्ह्यातील विजेचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा माझा पहिला मुक्काम पडला तो मुळशीला. टाटांच्या धरणात जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये तेथील मावळी शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्या लढ्याचे नेते. तरीही धरण झाले. मुळशीचे पाणी सह्याद्रीखाली भिरा येथे उतरवून १९२७ पासून वीज होऊ लागली. गावे बुडाली आणि वीज मुंबईला गेली.

दुसरा मुक्काम जुन्नर तालुक्यातील दरेवाडी. डोंगरातल्या या वाडीपर्यंत सरकारी विजेच्या तारा पोहोचल्याच नव्हत्या. २०१२ मध्ये पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ कंपनीने बॉशच्या साहाय्याने तेथे ९.४ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभारला. दिवसा वीज बॅटऱ्यांत साठवायची आणि इन्व्हर्टरमधून सुमारे चाळीस घरांना पुरवायची, अशी ही योजना. घरोघर मीटर बसले.

मला मोलाची वाटते ती मात्र तेथील वसुली. कारभार गावकऱ्यांच्या न्यासाकडे सोपवला गेला. बिलाच्या पैशांतून देखभाल करायची आणि नव्या बॅटऱ्यांसाठी शिल्लक टाकायची. ऊन फुकट मिळते, पण बॅटरी काही वर्षांत संपते. ती बदलायला पैसा नसेल, तर गाव पुन्हा अंधारात जाते.

म्हणून गावात वीज कधी आली, एवढेच नोंदवून भागत नाही. तिचा निर्णय कोणी घेतला आणि हिशेबाची वही कोणाच्या हाती राहिली, हेही लिहून ठेवले पाहिजे.