यकृत पर्णकृमी: शरीररचना आणि पुनरुत्पादन

चपट्या कृमींच्या अनेक जाती समुद्राच्या वाळूत, शेवाळात किंवा गोड्या पाण्यात स्वतंत्रपणे जगतात. याच संघातील काही जातींनी मात्र दुसऱ्या प्राण्यांच्या शरीरात बस्तान बसवले आहे. परभणीसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्यात पशुपालकांचा संबंध येतो तो अशाच एका परजीवी कृमीशी, म्हणजे यकृत पर्णकृमीशी. भारतात गाई-म्हशींमध्ये प्रामुख्याने ‘फॅसिओला जायगँटिका’ ही जाती आढळते. लाल कंधारी गाय असो वा मराठवाडी म्हैस, पाणथळ जागी चरणाऱ्या कोणत्याही जनावराला त्याची लागण होऊ शकते.

शरीररचना

हा कृमी पानासारखा चपटा असून त्याची लांबी साधारण २५ ते ७५ मिलिमीटर असते. पुढच्या टोकाला तोंडाभोवती एक चूषक आणि त्याच्या थोडे मागे पोटाकडील बाजूस दुसरा चूषक असतो. यांच्या साहाय्याने तो पित्तनलिकेला घट्ट चिकटून राहतो. आतडे फांद्यांसारखे शरीरभर पसरलेले असते, पण त्याला गुदद्वार नसते. त्यामुळे न पचलेला भाग तोंडावाटेच बाहेर टाकला जातो. रक्ताभिसरण किंवा श्वसनासाठी वेगळी इंद्रिये नसतात. शरीर चपटे असल्याने त्यांची गरजही पडत नाही.

पुनरुत्पादन

यकृत पर्णकृमी उभयलिंगी आहे. एकाच कृमीत शाखायुक्त दोन वृषणे आणि एक अंडाशय असतो. दोन कृमींमध्ये परस्पर फलन होते, तसेच स्वफलनही होऊ शकते. म्हणजे यकृतात एकच कृमी असला, तरी अंडी तयार होण्याची शक्यता राहते.

झाकण असलेली ही पिवळसर अंडी पित्ताबरोबर आतड्यात आणि तेथून शेणावाटे बाहेर पडतात. शेण पाण्यात मिसळले, की उबदार हवामानात दोन-तीन आठवड्यांत अंड्यातून केसल डिंभ बाहेर पडतो. त्याला साधारण एका दिवसात ‘लिम्निया’ प्रकारची पाणगोगलगाय गाठावी लागते, नाहीतर तो मरतो. गोगलगाईच्या शरीरात त्याच्यापासून एकामागून एक पिढ्या तयार होतात. एका डिंभापासून शेकडो शेपटीवाले डिंभ बाहेर पडतात. ते पाण्यालगतच्या गवताला चिकटतात, शेपटी गाळतात आणि स्वतःभोवती कवच तयार करतात. असे गवत खाल्ले, की जनावराला लागण होते.

सोयाबीनचे नुकसान करणारी शंखी गोगलगाय जमिनीवर राहणारी आहे. या कृमीचे जीवनचक्र तिच्यात पूर्ण होत नाही.

जनावराचे नुकसान कसे होते?

पोटात गेलेले कोवळे कृमी आतड्याची भिंत भेदतात आणि यकृत पोखरत पित्तनलिकेत पोहोचतात. अंडी सुरू होण्यास तीन ते चार महिने लागतात. म्हणून सुरुवातीला शेणतपासणीत अंडी दिसली नाहीत, तरी आत यकृताची हानी चालू असू शकते. पुढे जनावर खंगते, दूध घटते, रक्तक्षय होतो आणि खालच्या जबड्याखाली पाणी साचते. घटसर्पातही गळ्याला सूज येते, पण त्यात तीव्र ताप असतो व जनावर काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दगावू शकते. पर्णकृमीची सूज हळूहळू वाढते.

नियंत्रण

गोदावरी, पूर्णा, दुधना या नद्यांचे काठ, येलदरी धरणाचा परिसर आणि जायकवाडीच्या कालव्यालगतच्या पाझराच्या जागा या जिल्ह्यातील पाणथळ जागा होत. जिथे पाणी साचून राहते आणि पाणगोगलगाई दिसतात, तिथे जनावरे चारू नयेत. पाण्याच्या हौदाभोवती चिखल होऊ देऊ नये. ताजे शेण ओढ्याकाठी न टाकता खड्ड्यात कुजवावे, कारण कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात.

सर्वच जंतनाशके या कृमीवर चालत नाहीत. काही औषधे फक्त प्रौढ कृमी मारतात, तर ट्रायक्लाबेंडाझोल कोवळ्या कृमींवरही परिणाम करते. त्यामुळे औषध आणि मात्रा पशुवैद्यकाकडूनच ठरवून घ्यावी. दुभत्या जनावराच्या बाबतीत ते औषध चालते का आणि किती दिवस दूध वापरू नये, हेही आधीच विचारावे. औषधानंतर जनावर पुन्हा त्याच काठावर चरायला गेले, तर लागण पुन्हा होते.