कोयत्याचे भांडवल

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला भाविक धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांच्या या गडाला मानणाऱ्या कोरडवाहू पंचक्रोशीतून दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. या स्थलांतराची कारणे दुष्काळात शोधली जातात आणि ते खरेही आहे. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट रुंद केली. पण दुष्काळ माणसाला घराबाहेर काढतो, त्याला वर्षानुवर्षे त्याच वाटेने नेतो तो पैशाचा व्यवहार. प्रवरानगरला १९५० मध्ये सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागून कारखाने वाढत गेले. माझे म्हणणे असे की ही वाढ होताना खेळत्या भांडवलाची जोखीम पायरीपायरीने खाली सरकवली गेली आणि शेवटी ती नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर, येऊन थांबली.

कारखान्याला बँक कर्ज देते, गोदामातल्या साखरेवर मालतारण मिळते. कारखान्याकडून किंवा त्याच्या हमीवर वाहतूक ठेकेदाराला पैसा मिळतो, त्याच्याकडून टोळी जमवणाऱ्या मुकादमाला आणि मुकादमाकडून पावसाळ्यात, हाताला काम नसताना, कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम. मुकादमाची टोळी हा एक छोटा धंदाच आहे. समजा, १० कोयत्यांना प्रत्येकी ५० हजार दिले. ५ लाख गुंतले. तेवढ्या रकमेची तोड झाली आणि २० टक्के कमिशन धरले, तर मुकादमाला १ लाख मिळतात. पुढच्या वर्षी कारखान्याने २० कोयते मागितले, तर पहिली मोळी बांधण्याआधी १० लाख लागतात. म्हणजे टोळी जितकी झपाट्याने वाढते, तितका मुकादम कर्जात रुततो. पहिल्याच वर्षी दोन कोयते आले नाहीत, तर १ लाख अडकतात आणि उरलेल्या आठांचे कमिशन ८० हजारच होते. नफ्याचा धंदा रोकडीअभावी बुडतो तो असा.

यावर मुकादम म्हणतात की उचल घेऊन मजूर पळतात, बुडतो तो आम्हीच. त्यांचे नुकसान खरे आहे. पण तोटा वसूल करायला मुकादमाकडे मजुराच्या श्रमाशिवाय तारण नाही. म्हणून फिटलेली नाही ती उचल पुढच्या हंगामावर चढते आणि आजारपणात पडलेला खाडाही अंगावर येतो. वेठबिगारीविरुद्धचा १९७६ चा कायदा आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस बांधून ठेवण्याला मनाई करतो, तरी हिशेबाची वही मुकादमाच्याच हाती राहिली. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: उचल नसेल तर पावसाळ्यात घर कसे चालावे, आजारपण आणि लग्न कशावर निभावे? उचल एका फटक्यात बंद करा, असे म्हणूनच म्हणता येत नाही. मात्र गरज खरी असली, तरी ती भागवण्याची हीच एक रीत आहे असे ठरत नाही.

याच उद्योगात वेगळी रीत आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. शेतकऱ्यांनी संघटित होऊन हा हक्क वेळोवेळी बजावला. तोच ऊस तोडणाऱ्याला मात्र हंगामभर खर्ची मिळते, वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून मीठमिरची भागते आणि हिशेब होतो शेवटी, उचल वळती करून. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. ती मोलाची आहे, पण दर वाढल्याने पैशाची वाट बदलत नाही. कारखान्याने वजनपावतीनुसार १४ दिवसांत मजुरी थेट बायको आणि नवऱ्याच्या वेगवेगळ्या खात्यांत भरावी. पावसाळ्यासाठी त्यांच्या नावावर बँकेचे हंगामी कर्ज असावे, आजारपणाचा भार विम्याने उचलावा. मुकादमाला टोळी चालवण्याचे कमिशन मिळेल, सावकारी त्याच्या गळ्यात राहणार नाही. साखरेच्या पोत्यावर कर्ज देणाऱ्या व्यवस्थेने ती साखर शक्य करणाऱ्या हातांनाही पत द्यायला हवी.