खांबाने कधी मोडावं?

गेल्या शुक्रवारी रात्री हापिसातून थेट बस गाठली आणि गावी निघालो. गाव म्हणजे मेहकर तालुक्यातलं, बुलढाणा जिल्ह्यात ज्याला आम्ही 'घाटावर' म्हणतो त्या भागातलं. जालन्याच्या पुढे बस समृद्धी महामार्गावर आली की सगळे गाढ झोपतात आणि माझी झोप उडते. कारण सिंदखेडराजाच्या आसपास पिंपळखुटा येतं.

१ जुलै २०२३. रात्री दीडच्या सुमाराला नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस इथे उलटली आणि पेटली. आत ३३ माणसं होती, २५ गेली. बस डाव्या कुशीवर पडल्यामुळे दार जमिनीखाली दाबलं गेलं. जे आठ वाचले त्यांच्यातले काही काच फोडून बाहेर आले. नंतर टायर फुटला की नाही, चालकाला डुलकी लागली का, यावर बरेच दिवस चर्चा चालली. पण पहिल्या दिवसापासून सगळ्या बातम्यांत एक वाक्य होतं. बस आधी रस्त्याकडेच्या लोखंडी खांबाला धडकली, मग दुभाजकाला.

तो 'खांब' डोक्यात रुतून बसला. आपण रस्ता बघतो, गाडी बघतो, चालक बघतो. खांबाकडे कोण बघतं? तो आपला उभा असतो. तर मंडळी, आज थोडा खांबाचा इतिहास. :)

खांब रस्त्याच्या कडेला आला तो दिव्यासाठी. मुंबईत ऑक्टोबर १८६५ मध्ये गॅसचे दिवे लागले, एस्प्लनेड, चर्चगेट स्ट्रीट आणि भेंडीबाजार या भागांत. दिवे लावणाऱ्या माणसाच्या मागे बघ्यांची गर्दी चालायची म्हणे. खांब ओतीव लोखंडाचे, चांगले जाडजूड. शंभर वर्षं टिकतील अशा बेताने केलेले. आणि त्यात काही चूक नव्हती. धडकणार काय, तर फार फार तर एखादी घोडागाडी नाहीतर बैलगाडी.

इथे जरा हिशेब करू. (इंजिनिअर आहे, राहवत नाही.) भरलेली बैलगाडी ताशी ४ किमीने जाते असं धरा. समृद्धीवर कारची कमाल वेगमर्यादा ताशी १२०. वेग ३० पट. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वजन तेवढंच धरलं तरी ऊर्जा ९०० पट. खांब मात्र मनाने अजून बैलगाडीच्याच काळात आहे. त्याला एकच गोष्ट शिकवलेली आहे: हलायचं नाही.

१८६५ च्या त्या व्यवस्थेतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गॅसचा प्रत्येक दिवा संध्याकाळी हाताने लावावा लागे. म्हणजे प्रत्येक खांबापाशी रोज एक माणूस जाऊन उभा राहायचा. खांब कलला, काच फुटली, बूड गंजलं, हे त्याला दिसायचंच. देखभाल हे वेगळं काम नव्हतं, ते दिवा लावण्यातच होतं. मग वीज आली. बंगळुरात १९०५ साली विजेचे पथदिवे लागले, त्याच वर्षी मुंबईत पुढे 'बेस्ट' झालेली वीज आणि ट्रामची कंपनी स्थापन झाली. हळूहळू एका बटणावर अख्खी रांग पेटायला लागली. सोय झाली, पण दिवा लावणारा गेला तसा खांबाकडे बघणारा डोळाही गेला.

आता थोडं अमेरिकेत जाऊन येऊ, कारण खांबाने मोडावं ही कल्पना तिथली. १९५० च्या दशकात मोटारी वेगवान झाल्या आणि माणसं सरळ रस्त्यावरून खाली उतरून खांबांवर, झाडांवर आदळून मरायला लागली. 'चालकाची चूक' असं म्हणून फाइल बंद करणं सोपं होतं. जनरल मोटर्सच्या चाचणी मैदानावर केनेथ स्टोनेक्स नावाच्या अभियंत्याला वेगळंच दिसलं. तिथले चालक प्रशिक्षित, रस्ते एकेरी, बाहेरची रहदारी नाही. तरीही गाड्या रस्ता सोडून बाहेर जातच होत्या. म्हणजे चूक होणारच हे धरून चालायला हवं. मग त्यांनी चालकांना उपदेश करत बसण्यापेक्षा रस्त्याची कडाच साफ केली. झाडं, खांब काढले, उतार सपाट केले. रस्ता सोडणाऱ्या गाड्यांपैकी साधारण ८० टक्के गाड्या ३० फुटांच्या आत सावरतात असंही याच काळातल्या नोंदींवरून दिसलं. म्हणून ३० फुटांची मोकळी पट्टी ठेवावी, असं १९६७ साली अमेरिकेतल्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने एका अहवालात सांगितलं. रस्त्याने माणसाला एक चूक माफ करावी, एवढाच त्याचा अर्थ.

पण दिव्याचा खांब ३० फूट लांब नेला तर उजेड शेतात पडणार. काही खांब जवळ लागणारच. मग निदान ते मोडू तरी द्या! १९६० च्या दशकात टेक्सास ट्रान्सपोर्टेशन इन्स्टिट्यूटने आधी पाट्यांच्या खांबांसाठी सरकणारं बूड तयार केलं. रचना अगदी साधी आहे. खांबाच्या तळाला एक लोखंडी प्लेट, पायाला दुसरी. दोन्हींना भोकांऐवजी कडेला उघड्या खाचा, आणि त्या खाचांत बोल्ट आवळलेले. वाऱ्याने खांब वाकायला बघतो तेव्हा बोल्ट त्याला धरून ठेवतात. गाडी बंपरच्या उंचीवर आडवी धडक देते तेव्हा वरची प्लेट खालच्या प्लेटवरून सरकते, बोल्ट खाचांतून निसटतात, खांब उडतो आणि गाडी खालून निघून जाते. दिव्यांच्या खांबांसाठी ठिसूळ ओतीव ॲल्युमिनियमचं बूडही निघालं, धडक बसली की फुटणारं. खांब उडाला की आतली वायर सुटून वीज तुटावी, अशी जोडणीही आली.

हे का महत्त्वाचं? ताशी १०० किमीची गाडी न हलणाऱ्या खांबावर आदळून समजा अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या साधारण ७९ पट झटका. मोडत्या खांबाच्या अमेरिकन चाचणीत लहान गाडीचा वेग धडकेत सेकंदाला ५ मीटरपेक्षा, म्हणजे ताशी १८ किमीपेक्षा जास्त कमी होता कामा नये अशी अट असते. गाडीचा चेंदामेंदा होत नाही, माणूस थरथरत उतरतो आणि घरी फोन करतो. युरोपने २००० साली ईएन १२७६७ नावाचं मानक केलं. त्यात खांबांचे तीन प्रकार: गाडीला मऊपणे वाकून थांबवणारे, थोडीच ऊर्जा शोषणारे, आणि चटकन मोडून वाट देणारे. कुठे कुठला, हे आजूबाजूला काय आहे त्यावर. बाजारपेठेत, बसथांब्याजवळ उडणारा खांब लावून चालत नाही, तो दुसऱ्याच कुणाच्या डोक्यात पडेल.

हे सगळं वाचून मला वाटलं, झालं, उत्तर सापडलं. मोडते खांब आणा, लावा, विषय संपला. पण देखभालीच्या सूचना वाचायला घेतल्या आणि तिथे थांबलो.

कारण सरकतं बूड फार नाजूक तोलावर उभं असतं. बोल्ट जास्त आवळले तर घर्षण वाढतं आणि खांब सरकतच नाही. कमी आवळले तर वाऱ्याच्या थरथरीने बोल्ट हळूहळू खाचेतून बाहेर चालत येतात आणि खांब एका रात्री आपणहून पडतो. म्हणून दोन प्लेटांच्या मध्ये एक पातळ पत्रा घालतात, बोल्ट धरून ठेवायला. मोडल्यावर जमिनीवर उरणारा बुंधा १०० मिलिमीटरपेक्षा उंच नको, नाहीतर गाडीचं पोट त्याला अडकतं. पावसाने माती वाहून गेली तर बुंधा उघडा पडतो. उलट कुणी भर टाकून बूड पुरलं तर प्लेट सरकायला जागाच राहत नाही. खांब उताराखाली उभा असेल तर गाडी त्याला जास्त उंचीवर धडकते आणि बूड सरकण्याऐवजी पिळतं. थोडक्यात, हा खांब बसवून विसरायचा नाही. कुणीतरी पाना घेऊन, ठरलेल्या जोरावर, ठरलेल्या काळाने बोल्ट तपासायला जायला हवं. म्हणजे १८६५ चा तो दिवा लावणारा माणूस परत हवा!

आता आपल्याकडे. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं आणि वीज गावोगाव पोचायला लागली. त्याबरोबर जे खांब आले ते जुन्या रुळांचे, लोखंडी गर्डरचे, नळीचे, सिमेंटचे. सगळ्यांचा गुण एकच, मजबुती. नळीच्या खांबाच्या बुडाशी तर वरून सिमेंटचा गोल कट्टा बांधायची रीत आहे. गंज लागू नये म्हणून चांगलंच आहे ते, पण गाडीच्या बाजूने बघितलं तर अगदी उलटं. महामार्गांवर आपण बहुतेक दुसरा मार्ग घेतला: खांब पक्का ठेवायचा आणि त्याच्यापुढे लोखंडी कठडा लावायचा. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी:११९ ही २०१५ ची मार्गदर्शिका अशा कठड्यांबद्दलच आहे. मार्ग वाईट नाही. पण कठडासुद्धा धडक खाल्ल्यावर बदलावा लागतो, पुन्हा तीच देखभाल.

आमच्या गावच्या फाट्यावर वळणात नळीचा एक पोल होता. मी शाळेत असताना एका ट्रॅक्टरने त्याला ठोकलं. पोल थोडा कलला, ट्रॅक्टरचं नाक मोडलं. गावात पोलाचंच कौतुक! वायरमन काका म्हणाले होते, "गाडी मोडली तरी चालंल, पोल हालला नाही पाह्यजे. आमाला हेच शिकवलं." तो कललेला पोल पुढे सात-आठ वर्षं तसाच उभा. भारनियमनाचे दिवस, दिवा तसाही क्वचितच लागायचा, त्यामुळे त्याच्याकडे बघायचं कारणही कुणाला नव्हतं. बुडाशी पाणी साचायचं आणि नळी जमिनीलगत आतून गंजत होती. एका पावसाळ्यात पहाटे तो कुणीही न धडकता पडला, शेजारच्या गोठ्याच्या पत्र्यावर. नशिबाने माणूस नव्हता, वीजही गेलेली होती.

पिंपळखुट्यापाशी मला हाच पोल आठवतो. मोडायला हवा होता तेव्हा मोडला नाही, आणि उभा राहायला हवा होता तेव्हा पडला. दोन्ही वेळेला कारण एकच, लावल्यानंतर कुणी त्याच्याकडे बघितलं नाही.

गावातल्या दिव्यांची गोष्ट तर आणखी वेगळी. २०२१ मध्ये थकबाकीपोटी राज्यात अनेक ग्रामपंचायतींच्या पथदिव्यांची वीज तोडली गेली, सरपंच आंदोलनाला उतरले, आणि बिल कुणी भरायचं यावर भांडण झालं. मुद्दा दोन्ही बाजूंना होता. पण त्या भांडणात विषय फक्त युनिटचा. खांब, तार, बूड, गंज यासाठी पैसा कुणाचा, हा प्रश्न त्यात फारसा कुठे दिसला नाही. दिवा लावणं हे उद्घाटन आहे, त्याचा फोटो निघतो. बोल्ट तपासण्याचा फोटो कोण काढणार?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मोडता खांब असता तर १ जुलैची ती बस वाचली असती, असं मी म्हणणार नाही. या खांबांच्या मूळ चाचण्या लहान गाड्यांवर होतात. भरलेल्या बसचं गणित निराळं आहे. तिथे दुभाजक होता, डिझेलची टाकी होती, दाबलं गेलेलं दार होतं. एका खांबावर २५ माणसांचा हिशेब टाकणं सोपं आणि चुकीचं आहे. पण स्टोनेक्सने विचारलेला प्रश्न मात्र उरतोच. मध्यरात्री कुणाचा तरी डोळा लागणार आहे हे आपल्याला आधीपासून माहीत असताना, रस्त्याच्या कडेला आपण काय उभं करून ठेवलंय?

आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज हेच करतो खरं तर. एखादा भाग बंद पडणारच हे धरून चालतो आणि तो पडला तर बाकीचं वाचेल असं बघतो. घरातल्या मीटरजवळचा फ्यूजही तेच करतो. स्वतः वितळतो आणि घर वाचवतो. फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्याला आपण मूर्ख म्हणतो. रस्त्याकडेला मात्र जाड तारेलाच मजबूत काम म्हणतो.

असो. शनिवारी पहाटे फाट्यावर उतरलो. जुन्या पोलाच्या जागी नवा आहे, वर एलईडी, उजेड छान पडतो. बॅग खाली ठेवली, मोबाईलची बॅटरी लावली आणि वाकून बुडाशी बघितलं. चारपैकी एका बोल्टला नट नव्हता. चहाच्या टपरीवाल्याने विचारलं, "काय हरवलं का दादा?"

म्हटलं, "हो, एक नट."

सोमवारी परत निघायच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन लेखी अर्ज देऊन आलो. पुढच्या वेळी उतरेन तेव्हा पुन्हा वाकून बघेन.